गालाला लावायची साखर

हो, मीच बोलतेय. इकडे बघा, काउंटरच्या उजव्या कोपऱ्यात, गोल आरशाच्या पायाशी. झाकण अर्धवट लागलेली, कडेला बोटांचे ठसे असलेली आणि पोटावर 'टेस्टर. विक्रीसाठी नाही' अशी पिवळी चिठ्ठी मिरवणारी बरणी. माझ्यामागच्या फळीवर माझ्या बहिणी सील लावून, नटूनथटून रांगेत उभ्या असतात. त्यांना कुणी ना कुणी घरी नेतं. मला कुणी नेत नाही. मला सगळे उघडतात, हुंगतात, बोट घालतात आणि 'बघू, परत येते' म्हणून निघून जातात.

माझ्या पोटात साखर आहे. चहातली नव्हे, चेहऱ्याला लावायची. साखर, तेल, चमचाभर मध, थोडी पांढरी माती आणि संत्र्याच्या सालीची पूड. ओल्या बोटाने गालावर घ्यायची, हलक्या हाताने गोल गोल फिरवायची, दहा मिनिटं लेप म्हणून ठेवायची आणि कोमट पाण्याने धुऊन टाकायची. वरची मेलेली कातडी निघते, खालची नितळ दिसते. एवढंच माझं काम. खोक्यावर मात्र याहून पुष्कळ काही छापलंय. 'नवा चेहरा, नवं आयुष्य' असंसुद्धा छापलंय. ते काही मी छापलेलं नाही. खोक्यावरचं लिहिणारा माणूस वेगळा असतो, आणि त्याने मला कधी स्वतःच्या गालाला लावलेलं नसावं.

माझा जन्म एका लांबट, स्वच्छ खोलीत झाला. तिथे चार बायका डोक्याला जाळी बांधून काम करायच्या. त्यांतली सगळ्यांत वयस्क बाई साखर चाळायची. तिच्याकडे दोन चाळण्या असायच्या. जाड दाणा पहिलीत अडायचा, पीठ दुसरीतून खाली पडायचं, आणि मधे राहील तेवढंच आमच्या वाट्याला यायचं. कुणी घाईने चाळलं की ती म्हणायची, "अगं, गालावर फिरवायचंय ते, फरशीवर नाही." तेल ओतलं की ती बोटाच्या चिमटीत थोडं घेऊन स्वतःच्या मनगटावर फिरवायची आणि मगच मान डोलवायची. तिची मान डोलली की आमची झाकणं लागायची.

दुकानात आल्यावर खोक्यातून सर्वांत वर मी निघाले, म्हणून चिठ्ठी मला लागली. पहिले काही दिवस फार वाईट वाटलं. मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर करमायलाही लागलं. माणसं बघायला मिळतात हो! काही जणी माझ्यासोबत ठेवलेला लाकडी चमचा वापरतात. काही जणी चमचा दिसत नसल्यासारखं करतात. एक बाई रोज कामावर जाताना यायच्या आणि एक हात घासून जायच्या. आज डावा, उद्या उजवा. दोन महिने आल्या, विकत काही घेतलं नाही, पण हात कसे लोण्यासारखे झाले होते त्यांचे! एका गृहस्थांनी बायकोची वाट बघता बघता मला चाटून पाहिलं आणि म्हणाले, "जरा तेलकट आहे." आणि सगळ्याच जणी, अगदी सगळ्या, मला लावण्याआधी आरशात बघताना ओठ मुडपतात, आणि लावून झाल्यावर बघताना भुवया वर करतात. का, ते मला अजून कळलेलं नाही.

काउंटरवर एक ताई असतात. चाळिशीच्या, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, बोलायला फटकळ. दुकानाच्या मालकांचा त्यांच्यावर थोडा राग आहे, कारण ताई गाल बघितल्याशिवाय गालाची वस्तू विकत नाहीत. गिऱ्हाइकाला आधी दाराशी नेतात, उजेडात उभं करतात, हनुवटी इकडे तिकडे फिरवून बघतात आणि मगच फळीला हात लावतात. मालक म्हणतात, "ताई, तुम्ही दुकान चालवताय की दवाखाना?" ताई म्हणतात, "दवाखाना असता तर रांग लागली असती."

एका दुपारी दुकान रिकामं असताना एक काकू आल्या. पंचावन्नच्या आसपास वय, हातात कापडी पिशवी, केस नीट विंचरलेले. आल्या त्या थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या. बोट घातलं नाही. हुंगलंही नाही. नुसत्या वाचत राहिल्या, ओठ हलवत, पोथी वाचावी तशा.

"ताई, एक विचारू? हसणार नाही ना?"

"विचारा की, काकू. आणि हसले तर बरंच, सकाळपासून कुणी हसवलेलं नाही."

"यातली साखर... ती खायचीच साखर असते का?"

"साखर ती साखरच. पण ही खायची नाही हं."

"नाही, नाही. मी साखर सोडलीय. म्हणून विचारलं. तोंडाला लावलेली चालते का?"

"शुगर आहे का तुम्हाला?"

"छे हो! नवस आहे."

ताईंनी हातातलं सामान खाली ठेवलं आणि स्टूल पुढे ओढलं. काकू बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि सांगू लागल्या. आरशाच्या पायाशी असल्यामुळे माझ्या कानावर सगळं पडलं.

त्यांची लेक चष्म्यांच्या दुकानात काम करते. समोरच्याच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागे दांडी वाकवायची, डोळ्यांमधलं अंतर मोजायचं. दिवसभर माणसांच्या तोंडासमोर तोंड. सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी दात घासताना तिच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं. तिला वाटलं, झोपेत गाल दबला असेल. दुपारपर्यंत चेहऱ्याची डावी बाजू ओघळल्यासारखी खाली आली. डोळा मिटेना, भुवई हलेना, हसू एकाच बाजूला.

"डॉक्टर म्हणाले, नस सुजलीय, येईल हळूहळू, घाबरू नका. डॉक्टरांना काय जातं म्हणायला! औषध तेच देणार, व्यायाम तीच करणार. मग मी काय करू? आईला काहीतरी करायला नको का? त्याच संध्याकाळी साखरेच्या डब्याला झाकण लावलं आणि देवाला म्हटलं, जोवर माझ्या लेकीच्या हसण्यात दोन्ही गाल येत नाहीत, तोवर मी साखर खाणार नाही."

"आणि लेक काय म्हणाली?"

"तिला कुठे सांगितलंय! सांगितलं तर तिच्या जिवाला ओझं. आरशासमोर व्यायाम करताना तिला वाटलं असतं, आईचा चहा माझ्या गालावर अडलाय. घरात सांगितलंय की वजन कमी करतेय."

"झालं का कमी?"

"दोन किलो वाढलं."

ताई हसल्या. काकूही हसल्या, पण लगेच त्यांचा चेहरा उतरला. लेक आता पुष्कळ सुधारली होती. भुवई हलायची, बोलणं स्पष्ट झालं होतं. पण डोळा झोपेत पूर्ण मिटत नव्हता, म्हणून रोज झोपताना त्यावर टेप लावावी लागायची. ती टेप सहा महिने काढून लावून, काढून लावून डाव्या गालाचं वरचं कातडं खरखरीत झालं होतं, पापुद्रे सुटत होते. आणि हसू? ते आलं होतं की नाही तेच कळत नव्हतं, कारण लेक हसायचंच विसरली होती. कधी आलंच हसायला, तर तोंडावर हात.

"सोमवारी तिला कामावर बोलावलंय. ती म्हणते, लोक माझ्यासमोर वीतभर अंतरावर बसतात, आई, ते माझा गालच बघणार. राजीनामा लिहून टेबलावर ठेवलाय तिने. नुसती सही राहिलीय." काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे लावलं तर सोमवारपर्यंत गाल साफ होईल का? तेवढं झालं तर ती जाईल. मला खात्री आहे, ती जाईल."

आता एरवी ताईंच्या जागी दुसरी कुणी असती तर तिने माझी एक बहीण कागदात गुंडाळून दिलीही असती. ताई म्हणाल्या, "काकू, तिला घेऊन या. गाल बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही."

"आणि माझं? लावलेली साखर चालते का?"

"ते वरच्याला विचारा. मी फक्त काउंटरवर असते."

दुसऱ्या दिवशी काकू परत आल्या. त्यांनी मनाशी निकाल लावलेला दिसत होता.

"मी शांतपणे विचार केला," त्या म्हणाल्या. "बघितली तर चालते. हात लावला तर चालतो. वास घेतला तर... जरा लांबून घेतलेला चालत असावा." आणि त्यांनी खरोखरच हातभर लांबून माझा वास घेतला. डोळे मिटले. सहा महिन्यांचा फिका चहा त्या एका श्वासात मला ऐकू आला.

ताईंनी त्यांच्या मनगटाच्या वर पाण्याचे थेंब टाकले, चमच्याने मला घेतलं आणि फिरवायला सांगितलं. काकूंनी फिरवलं, धुतलं, पुसलं, उजेडात बघितलं.

"काही टोचलं का?"

"माझ्या हाताला काय टोचणार! हा हात गरम भांड्यालाही भीत नाही. याच्यावरून काही कळायचं नाही, ताई. गालालाच लावून बघावं लागेल. आधी मी, मग ती."

त्या गेल्या आणि मी विचारात पडले. बरणीला विचारात पडायला वेळ पुष्कळ असतो.

मी स्वतःला ओळखते. माझे दाणे ओल्या बोटाखाली विरघळत विरघळत जातात, पण विरघळेपर्यंत ते दाणेच असतात. धडधाकट गालाला ते कळतात. 'पुरे' असं गालच बोटाला सांगतो. पण जो गाल अजून अर्धा झोपेत आहे, तो वेळेवर 'पुरे' म्हणेल का? आणि जो डोळा मिटत नाही, त्यात साखरेचा कण गेला तर? माझ्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत छापलंय, 'डोळ्यांपासून दूर ठेवा.' ते वाचायला मला उलटं करावं लागतं. काकूंनी मला उलटं केलंच नव्हतं. त्या वरचं मोठ्या अक्षरांतलं वाचत होत्या.

वस्तूला आपण विकलं जावं असंच वाटतं. मी तर विकली जाणारच नव्हते, तरी बहिणी गेल्या की माझीच मान ताठ व्हायची. पण या वेळी मात्र मी मनातल्या मनात म्हणत होते, बाई गं, आमच्यातली एकही नेऊ नकोस. एवढ्या आशेने बघणाऱ्या माणसाला 'ती मी नव्हे' असं सांगता येत नाही, याचं दुःख ज्या वस्तूवर आशा ठेवली जाते तिलाच कळतं.

शनिवारी सकाळी दोघी आल्या. लेक तिशीची, उंच, नाकावर मोठ्या फ्रेमचा चष्मा, डाव्या बाजूचे केस मुद्दाम पुढे सोडलेले.

"आई, तू मला टॉवेल घ्यायला आणलं होतंस."

"टॉवेलच घ्यायचेत. वाटेत दुकान लागलं म्हणून."

"वाटेत? आपण दोन वळणं उलटे आलो."

"चालणं चांगलं असतं. मी वजन कमी करतेय ना."

ताईंनी लेकीला एकदाच नीट पाहिलं, पण दया बिया दाखवली नाही. "या इकडे, दाराशी, उजेडात," म्हणाल्या. लेक जरा थबकली. मग कुणीतरी आपल्याकडे कामाच्या नजरेने बघतंय हे तिलाही बरं वाटलं असावं. तीही दिवसभर चेहरेच बघणारी. दोघी दाराशी गेल्या. लेकीने केस मागे घेतले.

"टेपचं आहे हे सगळं. ओढून काढता ना?"

"घाई असते सकाळी."

"इथे बोट लावलेलं कळतं?"

"कळतं. पण दाराबाहेरून कुणीतरी हाक मारावी तसं."

"डोळे मिटा बघू. दोन्ही."

उजवा मिटला. डावा जवळजवळ मिटला. खाली पांढरी रेघ तेवढी राहिली.

इकडे काकू माझ्यापाशी एकट्याच होत्या. त्यांनी दाराकडे पाहिलं, ओठ मुडपून आरशात पाहिलं, मला उघडलं आणि बोट घातलं. चमचा नाही, पाणी नाही! कोरडं बोट! आणि तेही कडेला, जिथे तेल उतरून माझी साखर सुकून कडक झालेली असते, नेमकं तिथे. मी आतल्या आत ओरडले, पण ऐकणार कोण. लेकीचा जो गाल आजारी तोच, स्वतःचा डावा गाल, त्यांनी घासायला घेतला. नाकापासून कानापर्यंत, कानापासून ओठांपर्यंत, भांडं घासावं तसा. अर्धं तोंड पांढरं झालं.

"आई गं, हे टोचतंय की!" असं त्या म्हणायला गेल्या. 'आई गं'पर्यंतच पोचल्या. वरच्या ओठावरचा एक दाणा आत गेला.

काकूंनी तोंड गच्च मिटलं. डोळे मोठे झाले. त्या जागच्या जागी पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या.

"काकू, काय झालं?" ताई दारातून धावल्या. "अहो, कोरडं लावलंत?"

"म्म्म!" काकूंनी हात वर केला. हलू नका, बोलू नका, असा तो हात.

सहा महिने उपाशी राहिलेलं तोंड ते. एका दाण्याने त्याला असं पाणी सुटलं की विचारू नका. थुंकायचं तर दुसऱ्याच्या दुकानात कुठे थुंकणार? जन्मभर 'इथे थुंकू नये' हे मुलांना शिकवलेली बाई. गिळायचं तर नवस! गाल फुगत चालले. एक पांढरा, एक लाल. त्यातला पांढरा सुकत आलेल्या लेपाने ओढल्यासारखा वाकडा दिसत होता.

लेकीने ते पाहिलं आणि तिचा रंगच उडाला.

"आई, तुझं तोंड का वाकडं झालं? आई, बोल ना! आई, तुलाही झालं का?"

काकू जोरजोरात मान हलवायला लागल्या. पण तोंड उघडायची सोय नव्हती. लेकीने त्यांचे दोन्ही खांदे धरले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई टिश्यू शोधता शोधता खणात अर्ध्या बुडाल्या होत्या. तिथूनच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, काही झालेलं नाही त्यांना! साखर गेलीय तोंडात! नवस आहे त्यांचा! तुम्ही दोन्ही गालांनी हसेपर्यंत साखर सोडलीय त्यांनी, सहा महिने!"



"साखर?" लेक म्हणाली. "म्हणजे तो फिका चहा? माझ्या वाढदिवसाला 'दात दुखतोय' म्हणून केकला हात लावला नाहीस ते? आणि मी रोज तुला बोलतेय की आई, साखर बंद करूनसुद्धा वजन कसं वाढतं तुझं..."

काकूंनी फुगलेल्या गालांनी, अपराध्यासारखी, एकदा मान डोलवली. हनुवटीवरून लेपाचा एक ओघळ खाली आला.

आणि लेकीला हसू फुटलं. अंगातूनच आलं ते, तिला विचारून आलं नाही. हात तोंडाकडे न्यायला तो मोकळाच नव्हता, दोन्ही हात आईच्या खांद्यांवर होते. आरसा माझ्या डोक्यावर, मला दोघी स्वच्छ दिसत होत्या. आधी उजवा कोपरा वर गेला, नेहमीसारखा. मग डावा थरथरला. दमट हवेने बसलेलं दार दोनदा ढकलावं लागतं तसा एकदा अडला, आणि वर गेला. पूर्ण नाही. उजव्याएवढा तर नाहीच. पण गेला. गालाला खळीसारखी एक घडी पडली, सहा महिन्यांनी.

काकूंनी ती पाहिली. आणि घोट घेतला.

"गिळलं!" त्या किंचाळल्या. "अगं बाई, मी गिळलं! सहा महिने सांभाळलं आणि आज गिळलं!"

"आई, पण मी हसले ना! आरशात बघ, डावीकडे बघ!"

"ते बघितलं गं! पण आधी तू हसलीस की आधी मी गिळलं? आधी कोण?"

"मला काय माहीत! मी हसत होते."

"ताई, तुम्ही सांगा."

"मी खणात होते, काकू."

तिघींची तोंडं बघण्यासारखी झाली. मी एकटी तिथे साक्षीदार, आणि माझी साक्ष घेणार कोण? काकू स्टुलावर बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडकुंडीला आल्या. त्यांना साखरेचं काही नव्हतं. एका दाण्यापायी लेकीचं आलेलं हसू परत जाईल की काय, हीच भीती त्यांच्या जिवाला खात होती. मला ते स्पष्ट दिसत होतं.

ताईंनी त्यांच्या हातात टिश्यू दिला आणि अगदी शांतपणे विचारलं, "काकू, एवढा वेळ तोंड बंद ठेवून होतात. मग गिळलंत कशामुळे?"

"कशामुळे म्हणजे? हिला हसताना बघितलं. ऊर भरून आला. घोट उतरला तो कळलाच नाही."

"तिला हसताना बघितलं म्हणून गिळलंत."

"हो."

"म्हणजे हसू आधी."

काकू बघत राहिल्या. हिशेब दोनदा मनात फिरवला. मग इतका मोठा सुस्कारा सोडला की आरशावर वाफ धरली. "सुटले गं बाई! देवा, सुटले!" असं म्हणत त्यांनी लेकीला जवळ ओढलं आणि आपला पांढरा गाल तिच्या सदऱ्याला पुसला.

"आई! धुतलेला होता तो!"

"परत धुवीन. कितीही वेळा धुवीन."

मग ताईंनी काकूंचा गाल ओल्या कापडाने हळूहळू पुसला. खाली तीन बारीक, लाल ओरखडे निघाले. लेकीने चष्मा वर करून, रोजच्या कामाच्या नजरेने, ते ओरखडे बघितले. मग मला उचललं. आणि उलटं केलं! तळाची बारीक अक्षरं तिने मोठ्याने वाचली.

"आई, तुझ्या ठणठणीत गालाचं हे झालं. माझ्या गालाला तर अर्ध्या वाटेवर कळलंच नसतं."

"मी कोरडं लावलं म्हणून झालं ते," काकूंनी माझी बाजू घेतली. भली बाई! "बरणीचा काय दोष त्यात?"

"बरणीचा दोष नाहीच," ताई म्हणाल्या. "वस्तू चांगली आहे, वेळ चुकीची आहे. आत्ता घेऊ नका. टेप काढायच्या आधी तिच्यावर तेलाचं बोट फिरवा, मऊ पडली की सोडवा. मऊ ओल्या कापडाने पुसा. बस. डोळा पूर्ण मिटायला लागला की या, तेव्हा बघू."

माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. मला जागेवर परत ठेवताना लेकीचा हात कसा हलका लागला म्हणून सांगू!

"पण मग सोमवार?" काकूंनी हळूच विचारलं. "गाल तर आहे तसाच राहणार."

लेक जरा वेळ आरशात बघत राहिली. स्वतःकडे, आणि मागे उभ्या आईकडे.

"जाईन," ती म्हणाली. "तुला खरं सांगू का, आई? नवी फ्रेम घातलेलं माणूस माझ्याकडे कधीच बघत नाही. मी आरसा पुढे धरते, ते त्यात बघतं. आठ वर्षं बघतेय मी. सहा महिन्यांत विसरले बघ."

"आणि टेबलावरचा तो कागद?"

"घरी गेल्यावर फाडते."

"आधी चहा, मग फाड."

"साखर किती चमचे घालू?"

काकूंनी खूप विचार केला. "दोन," त्या म्हणाल्या. मग पिशवी उचलता उचलता, "तीन घाल."

त्या गेल्या. टॉवेल घेतले की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर मी पुष्कळ गाल पाहिले. तेलकट, कोरडे, लाजरे, उर्मट. माझ्यातली साखर हळूहळू तळाला गेली. आता चमचा घातला की काच वाजते. मालकांनी कालच ताईंना सांगितलं, ही बरणी काढा, नवी उघडा. ताई हो म्हणाल्या.

आणि काल दुपारीच लेक आली. जेवणाच्या सुट्टीत, कामाच्या कोटातच, खिशात बारीक पेचकस. केस दोन्ही बाजूंना मागे बांधलेले. गाल नितळ. तेलाच्या बोटाने आणि मऊ कापडाने जे व्हायचं ते झालं होतं, त्याला माझी गरज पडली नव्हती. तिने काही न बोलता ताईंसमोर उभं राहून डावा डोळा मिटला. एकटा डावा. उजवा टक्क उघडा. पांढरी रेघ नाही, काही नाही.

ताईंनी चष्मा लावून पाहिलं. "परत करा."

तिने परत केलं. दोघी हसल्या. ताईंचं हसू जास्त वाकडं होतं.

"मग आता देऊ का एक?" ताई म्हणाल्या. "अर्थात, तुम्हाला आता गरज नाही. खोटं कशाला सांगू."

"मला नकोच आहे," लेक म्हणाली. "आईसाठी द्या. तिचा एकच गाल झालाय, दुसरा राहिलाय. ती रोज आरशात बघून तक्रार करते."

ताईंनी फळीवरून माझी एक बहीण काढली, कागदात गुंडाळली आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ओल्या बोटाने!' दोनदा खाली रेघ ओढली.

माझ्याच्याने आता फार बोलवत नाही, तळ लागलाय. उद्या मला धुऊन ठेवतील किंवा टाकून देतील. दोन्हीची तयारी आहे. तुम्ही कधी अशा फळीसमोर उभे राहाल आणि घ्यावं की न घ्यावं या विचारात पडाल, तर एवढं करा. बरणी उलटी करून तळाचं वाचा. आणि जिच्यासाठी घेताय तिला सोबत आणा. ती आली की निम्मा निकाल दारातच लागतो. येते मी. काकूंच्या दुसऱ्या गालाला सांभाळून घे गं, बहिणी.